जुन्या पिकअपचे अनोळखी स्क्रू : ओळखायचे कसे, बदलायचे कसे?

पिंपळगावकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे १९९८ सालची पिकअप आहे. जीपच्या वंशातली, २११२ सीसीच्या प्यूजो डिझेल इंजिनाची, मागे लोखंडी सांगाड्यात लाकडी फळ्यांचा हौदा. वडिलांनी या गाडीतून द्राक्षं, टोमॅटोचे क्रेट, खताच्या गोण्या, फवारणीचे ड्रम, सगळं वाहिलं. इंजिन आजही अर्ध्या सेल्फला उठतं. पण दारं खाली बसलीत, फळ्या कुजल्यात. द्राक्षांची गोडी छाटणी सुरू व्हायच्या आत ती नीट करायची असं ठरवलंय. भंगारात द्यायची नाही, हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे.

अडलंय ते स्क्रूंवर. तीन प्रकार आहेत:

पहिला, दाराच्या बिजागरीचा. चपट्या डोक्याचा, बिजागरीच्या पत्र्यात बुडालेला, वर अधिकाच्या चिन्हासारखी खाच. घरातला सगळ्यात मोठा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा त्यात डळमळतो.

दुसरा, सीट बेल्टच्या खालच्या टोकाचा. मोठं गोल डोकं, आत सहा पाकळ्यांची खाच. षटकोनी ॲलन की बसत नाही.

तिसरा, हौद्याच्या फळ्यांचा. वरून गुळगुळीत गोल डोकं, खाच नाही, काही नाही. खालून नट आहे, पण नट फिरवला की अख्खा बोल्टच फिरतो.

हे कुठल्या मापाचे? काढायचे कसे? आणि नाशिकात मिळतील का? एका दुकानात विचारलं तर त्यांनी सरळ "आठचा टाका, बसतो" असं सांगितलं. मला तसं बसवायचं नाहीये.

सातपूर_फिटर

दादा, आधी बिजागरीचं बोलतो, कारण सगळ्यात जास्त डोकी तिथेच खराब होतात.

तुमचा स्क्रू काही वेगळा नाही, तुमचा ड्रायव्हर लहान आहे. फिलिप्सच्या खाचेला नंबर असतात, ० ते ४. घराघरात असतो तो २ नंबर. तो ५ मिमी जाडीच्या स्क्रूपर्यंत चालतो. ६ मिमीच्या चपट्या डोक्याला ३ नंबर लागतो आणि ८ मिमीपासून पुढे ४ नंबर. दाराच्या बिजागरीला साधारण ८ मिमीच्या आसपासचाच स्क्रू असतो, म्हणजे ४ नंबरचं टोक. ते किरकोळ दुकानात दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं की स्क्रूच कुठला तरी परदेशी आहे. २ नंबरने जोर लावला की टोक वर सरकतं, खाचेच्या कडा खाऊन टाकतं आणि मग चार दिशांची खाच गोल वाटीसारखी होते.

ठोक्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा, हातोडीने मारायचा. अर्धा इंची चौकाचा, त्याला ४ नंबरचं बिट. क्रम असा ठेवा: खाच सुईने किंवा टोकदार पोगरने साफ करा. पंचवीस वर्षांचा रंग आणि माती आत भरलेली असते, ती निघाल्याशिवाय बिट तळाला टेकत नाही. मग गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी इम्पॅक्ट आधी आवळायच्या बाजूला लावून एक हलका ठोका द्या, गंज तिथे फुटतो. मग उलटा करा. बिट सरकतच असेल तर टोकाला व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट लावा, पकड लगेच वाढते.

आणि दार एकट्याने काढू नका. खाली जॅक किंवा क्रेट लावून, कापड घालून दाराचं वजन त्यावर घ्या. वजन बिजागरीवर असेल तर स्क्रू आट्यात आडवा दाबला जातो, मग कितीही तेल मारा.

गोदाकाठ

फिटर भाऊंच्या प्रतिसादाला एक पुरवणी. अनेक गाड्यांत दाराच्या खांबाच्या आत सुटी आटेदार पट्टी असते, दार वर-खाली-मागे-पुढे जुळवता यावं म्हणून. सगळे स्क्रू एकदम काढले तर ती पट्टी खांबात खाली पडते आणि मग तासन्‌तास चुंबक घालून शोधत बसावं लागतं. एका वेळी एकच स्क्रू काढा, नवा घाला, मग दुसरा. आणि सुरुवातीलाच बिजागरीच्या कडेने मार्करने रेघ मारून ठेवा.

ओझरकर

मी ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तिथे पहिल्या दिवसापासून एक सवय लावली गेली: बोल्ट हातात आला की तो आधी मोजायचा, मगच भोकात घालायचा. तुमच्या गाडीला ही सवय फारच लागू आहे, त्याचं कारण सांगतो.

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी विलीज जीप जोडायला सुरुवात केली. ती अमेरिकी गाडी, म्हणजे इंची आटे: यूएनसी जाड आटा, यूएनएफ बारीक आटा. पुढे त्याच घराण्यात प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, ते फ्रेंच, म्हणजे मेट्रिक, मिलिमीटरच्या आट्यांचं. मधल्या काळात बाकीचे भागही हळूहळू मेट्रिक झाले. त्यामुळे या जुन्या गाड्यांत इंजिनला १३ चा पाना लागतो आणि बाजूच्याच ब्रॅकेटला अर्धा इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे १३ चा पाना त्यावर सैल बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. ९/१६ म्हणजे १४.२९ मिमी, त्यावर १४ चा चढत नाही, १५ चा घसरतो.

आता तुमच्या "आठचा टाका" बद्दल. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. एम८ म्हणजे ८ मिमी. बाजारातला कुठलाही बोल्ट बाहेरून नावापेक्षा किंचित बारीकच असतो, त्यामुळे व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या कॅलिपरवर) दोन्ही ७.८ ते ७.९ दाखवतात. जाडीवरून ते वेगळे करता येत नाहीत. आट्याच्या पिचवरून, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरावरून येतात. कसं ते पाहा:

पिच गेज असेल तर उत्तम. नसेल तर दहा आट्यांचं अंतर मोजा, एका आट्याच्या टोकापासून पुढच्या दहाव्या टोकापर्यंत. एम८ चा नेहमीचा आटा १.२५ चा, तिथे १२.५ मिमी येईल. ५/१६ यूएनसीला इंचात १८ आटे, तिथे १४.१ मिमी. ५/१६ यूएनएफला इंचात २४, तिथे १०.६ मिमी. एम८ चा बारीक आटा १.० चा, तिथे बरोबर १०. स्क्रूवर दहा आटे चांगले राहिले नसतील तर पाच मोजून दुप्पट करा. अजून एक साधी रीत: माहीत असलेला बोल्ट त्याला शेजारी लावून दोघांचे आटे एकमेकांत बसवायचे आणि उजेडासमोर धरायचे. आटे जुळत असतील तर मधून प्रकाश येत नाही.

एम८ चा बोल्ट ५/१६ यूएनसीच्या भोकात दोन-तीन फेरे हाताने जातो. म्हणूनच दुकानदाराला "बसतो" असं वाटतं. चौथ्या फेऱ्याला जड होतो, तिथे पाना लावला की आतले आटे कापले जातात. खांबातले आटे एकदा गेले की नवे मिळत नाहीत, हेलिकॉइल, म्हणजे आट्यांसाठीची तारेची गुंडाळी, घालावी लागते.

नाशिकरोडकर

एवढं कशाला? माझ्या टेम्पोच्या दाराला मी आत टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून, सरळ एम१० केलं. पाच वर्षं झाली, चालतंय. सगळ्या गाडीला एकच माप, डोक्याला ताप नाही. सीट बेल्टलाही तेच करा, १२ चा टॅप मारा, स्टेनलेसचा बोल्ट टाका, आयुष्यभर गंजणार नाही.

सातपूर_फिटर

नाशिकरोडकर, दाराचं ठीक आहे. बिजागरीचं भोक मोठं करून नीट काम केलं असेल तर कोणी नाही म्हणणार नाही. पण सीट बेल्टला टॅप मारायचा सल्ला कृपा करून देऊ नका. ओझरकर काका, तुम्ही सांगता का?

ओझरकर

सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे.

पिंपळगावकर, तुमच्या बेल्टच्या बोल्टचा आटा व्हर्नियरवर मोजा. ११ मिमीच्या आसपास भरला तर तो ७/१६ इंच, २० आटे, यूएनएफ आहे असं समजा. खरं माप ११.११ मिमी आणि पिच १.२७ मिमी, म्हणजे दहा आट्यांना १२.७. बेल्टच्या जागी एम११ सहसा वापरत नाहीत, त्यामुळे ११ हा आकडाच ओळख पटवतो. एम१० असता तर ९.८ च्या आसपास दिसला असता, एम१२ असता तर ११.८.

गाडी संपूर्ण मेट्रिक असली तरी सीट बेल्टचं भोक बहुधा हेच असतं. युरोपच्या सीट बेल्ट अँकरेजच्या नियमात, म्हणजे १४ क्रमांकाच्या नियमावलीत, भोकाचं माप ७/१६ इंच २० यूएनएफ असं दिलेलं आहे. जपानी, युरोपी, भारतीय, सगळ्यांनी तेच धरलं. म्हणून जर्मन गाडीतही हा एक इंची बोल्ट सापडतो.

टॅप का मारायचा नाही? बेल्टचं भोक म्हणजे पत्र्यात पाडलेलं साधं भोक नसतं. मागे जाड आटेदार पट्टी किंवा वेल्ड केलेला नट असतो, आणि धडकेच्या वेळी माणसाचं सगळं ओझं त्या आट्यांवर येतं. ७/१६ च्या भोकात एम१२ चा १.७५ चा टॅप मारला तर जुने आटे पूर्ण पुसले जात नाहीत. त्यांच्या खाचा नव्या आट्यांत राहतात आणि अर्धेच आटे भार घेतात. बाहेरून बघताना मात्र बोल्ट घट्ट दिसतो.

स्टेनलेसचंही तसंच. आपल्या बाजारात मिळतो तो ए२-७० दर्जाचा, म्हणजे ७०० मेगापास्कलला तुटणारा. ८.८ चा पोलादी बोल्ट ८०० चा. त्यात स्टेनलेस आवळताना आट्यात जाम होण्याची खोड. नंबर प्लेटला, मडगार्डला खुशाल लावा. बेल्टला नको.

नाशिकरोडकर

पटलं. बेल्टचं एवढं खोल माहीत नव्हतं. दाराचं मी म्हणालो ते कायम.

चांदोरी_बागायत

माझ्या ओळखीत एका गाडीचं हेच झालं होतं. गॅरेजवाल्याने बेल्टला बारीक १० चा बोल्ट घातला, वर टेफ्लॉन टेप गुंडाळून. हाताने हलवल्यावर हलायचा. बेल्ट लावूनही काही उपयोग झाला नसता. नशीब, वेळेत दिसलं.

गोदाकाठ

बेल्टच्या बोल्टविषयी दोन गोष्टी राहिल्या.

एक, सहा पाकळ्यांची खाच म्हणजे टॉर्क्स. दुकानात "स्टार" म्हणू नका, तो फिलिप्स काढून देईल. "टॉर्क्स, टी पन्नास" असं मागा. बेल्टला बहुतेक वेळा टी५० असतो. खात्री करायची तर समोरासमोरच्या पाकळ्यांच्या टोकांतलं अंतर मोजा: टी४० ला पावणेसात मिमीच्या जवळ, टी४५ ला ७.९, टी५० ला ८.९ च्या पुढे-मागे, टी५५ ला ११.३. टी४५ चं टोक टी५० मध्ये बसल्यासारखं वाटतं आणि फिरताना कडा कापतं. ॲलन की हातोडीने ठोकून बसवणारेही पाहिलेत. खाच तिथेच मरते. खाचेच्या मधोमध खुंटी दिसली तर पोकळ टोकाचं बिट लागेल.

दुसरं, काढलेला बोल्ट नीट पाहा. डोक्याखाली थोडा भाग बिनआट्याचा, जाडसर खांद्यासारखा असतो. तो खांदा बेल्टच्या पट्टीच्या भोकात बसतो, म्हणून बोल्ट पूर्ण आवळूनही पट्टी मोकळी फिरते. साधा पूर्ण आट्याचा बोल्ट घातला तर पट्टी दाबली जाते, बेल्ट तिरका ओढला जातो आणि कडेने झिजतो. वॉशर, बुश, स्प्रिंग असेल ते ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून घेऊ नका. स्पेअरच्या दुकानातून बेल्टचाच बोल्ट म्हणून घ्या.

पिंपळगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचताना वही घेऊन बसलो होतो.

मोजमापं घेतली. बिजागरीचा एक स्क्रू इम्पॅक्टने निघाला, ४ नंबरचं बिट अगदी घट्ट बसलं. बाहेरून ७.८, दहा आट्यांना १४.१. म्हणजे ५/१६ यूएनसी. बेल्टचा बोल्ट ११.० आणि दहा आट्यांना १२.७. ओझरकर काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं. खांदाही आहे.

पण बिजागरीत एक अडचण. तात्पुरता म्हणून इंची आट्याचा चपट्या डोक्याचा एक स्क्रू एका मशीनवाल्याकडून मिळाला. आट्यात सुरेख जातो, पण डोकं बिजागरीत पूर्ण बुडत नाही, कडेला फट राहते. असं का?

लेथवाला_अंबड

फट वरच्या कडेला आहे की खाली, ते नीट बघा. चपट्या डोक्याच्या उताराला कोन असतो. मेट्रिकमध्ये ९० अंश, अमेरिकी इंची स्क्रूला ८२ अंश. बिजागरीतली वाटी (डोकं बुडतं तो खळगा) एका कोनाची आणि स्क्रू दुसऱ्या कोनाचा असला तर सगळा उतार टेकत नाही, फक्त एक गोल रेघ टेकते. त्या रेघेवर दाराचं वजन येतं, बिजागरी महिनाभरात ढिली पडते. पुष्कळांची तक्रार असते की "स्क्रू सारखे ढिले होतात". तिथे आटे चांगले असतात, कोन चुकलेला असतो.

तपासायची रीत: वाटीला पेनच्या निळ्या शाईचा बारीक हात द्या, स्क्रू हाताने आवळा, काढा. शाई डोक्याच्या सगळ्या उतारावर लागली तर कोन जुळला. वरच्या काठालाच लागली तर स्क्रूचा कोन वाटीपेक्षा मोठा, खाली दांड्याजवळ लागली तर लहान.

तुमचा जुना स्क्रू घेऊन या किंवा जवळच्या कुठल्याही लेथवर न्या. आटा बरोबर असलेला स्क्रू असेल तर डोक्याचा उतार लेथवर पाहिजे त्या कोनात खरवडून देता येतो, पाच मिनिटांचं काम. फक्त डोक्याची जाडी किती उरते ते बघायला सांगा. ४ नंबरची खाच खोल असते, फार खरवडलं तर खाचेखाली धातू उरत नाही आणि डोकं उडतं. सातपूर-अंबडला लहान लेथवाले भरपूर आहेत. एक-दोन नगांना नाही म्हणतात कधीकधी, पण जुना स्क्रू समोर ठेवला की करून देतात.

आणि कुठलाही जुना स्क्रू टाकून देऊ नका. तुटका असला तरी ठेवा, नमुना म्हणून तोच लागतो.

जुनं_मालवाहू

धाग्याचा विषय सोडून नाही, पण एक गोष्ट इथे यायलाच हवी. १९८० च्या दशकात जपानी भागीदारीतून हलक्या मालवाहू गाड्या आल्या: ऑल्विन-निसान, डीसीएम-टोयोटा, आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा. माझ्याकडे त्यातली एक आहे. तिच्या डॅशबोर्डचे आणि डिझेल पंपावरच्या झाकणाचे स्क्रू दिसायला फिलिप्स, पण फिलिप्स ड्रायव्हर त्यात सारखा निसटतो.

ते जपानी प्रमाणाचे, जेआयएस स्क्रू. खाच तशीच, पण तळाचा आकार आणि कोपऱ्यांची गोलाई वेगळी. फिलिप्सचं टोक तळाला आधी टेकतं आणि कडा वर राहतात. डोक्यावर खाचेच्या बाजूला बारीक ठिपका दिसला तर हाच स्क्रू. ठिपका नसला तरी असू शकतो, पण ठिपका दिसला की शंका नको. जेआयएसचा ड्रायव्हर फिलिप्समध्येही चांगला बसतो, उलटं मात्र होत नाही. तो न मिळाला तर फिलिप्सचं टोक दगडावर किंचित घासून बोथट करा, काम भागतं.

सातपूर_फिटर

बरोबर. जपानी मूळ असलेल्या गाड्यांच्या १० मिमीच्या बोल्टांकडेही लक्ष द्या, तिथे पिच पुष्कळदा १.२५ असतं. आपल्या दुकानात एम१० म्हटलं की १.५ चा देतात.

चांदोरी_बागायत

हौद्याच्या गोल डोक्याच्या बोल्टबद्दल कोणी बोललं नाही, ते मी सांगतो. आमच्या दोन पिकअपचे हौदे आम्हीच घरी केलेत.

तो कॅरेज बोल्ट. गोल डोक्याखाली चौकोनी मान असते, ती फळीत रुतून बसते आणि बोल्टला फिरू देत नाही. फळी कुजली की चौकोनाची पकड जाते आणि नटाबरोबर सगळा बोल्ट फिरतो. तुमचं तेच झालंय.

काढायला सोपी रीत: ग्राइंडरने गोल डोक्यावर मधोमध एक खाच मारा, जाड पट्टीचा ड्रायव्हर त्यात घालून एकाने वरून धरा, दुसऱ्याने खालून नट सोडवा. तेवढ्याने नाही झालं तर नटच उभा कापा. पण कापण्याआधी खाली काय आहे ते बघा. डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग. ठिणग्या उडतात. फळ्यांत जुनं डिझेल, तेल मुरलेलं असतं, बादलीभर पाणी आणि ओलं पोतं जवळ ठेवा. कापलेल्या जागी तासाभराने परत एकदा हात लावून बघा, आतून धुमसत नाही ना.

नवे घालताना लाकडाच्या बाजूला जस्ती बोल्ट घ्या. खालून रुंद वॉशर, मग नट, आणि शक्य असेल तर नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा नट). माप तुमच्या हौद्याचं बघून घ्या, ५/१६, ३/८ किंवा १० मिमी. इथे नट-बोल्ट दोन्ही तुम्हीच नवे घालताय, त्यामुळे मेट्रिक घातलं तरी बिघडत नाही. फळीचं चौकोनी भोक मात्र मानेच्या मापाचंच पाडा.

आता खरं कारण. आमच्या भागात हौद्याचे बोल्ट एवढे का गंजतात? पाऊस तर सगळीकडेच पडतो. फवारणीचा ड्रम हौद्यात ठेवतो, बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) सांडतं. त्यात मोरचूद असतं. मोरचुदाचं पाणी उघड्या लोखंडाला लागलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं चढतं. लालसर थर दिसतो ना बोल्टच्या डोक्यावर, तो सगळा गंज नसतो. त्यावर तांबं बसलं की ओल आली की बाजूचं लोखंड आणखी वेगाने जातं. खताच्या गोण्या फाटतात, त्यातले क्षार फळीत मुरतात आणि ओल धरून ठेवतात. म्हणून फवारणी संपली की हौदा पाण्याने धुवा, फाळका उघडून पाणी निथळू द्या. बोल्ट बसवल्यावर डोक्यावर आणि खालच्या नटावर रेड ऑक्साइड, वरून रंग. जुनं इंजिन ऑइल फळ्यांना लावणारे लोक आहेत, क्रेटमध्ये खायची द्राक्षं असतात हे त्यांनी ध्यानात घ्यावं.

पिंपळगावकर

मोरचुदाचं वाचून लगेच हौदा बघून आलो. ड्रम जिथे ठेवतो त्या कोपऱ्यातले बोल्ट सगळ्यात वाईट आहेत आणि लाल थर तिथेच आहे. वडिलांनाही दाखवलं.

ओझरकर

चांदोरीकरांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

बोल्टच्या दर्जाचं एक सांगतो. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे असतात. इंची बोल्टवर आकडे नसून रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, साधारण ८.८ च्या जवळचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९ च्या जवळचा. डोकं कोरं असेल तर मऊ बोल्ट समजा, तो फक्त हौद्याला. स्प्रिंग, स्टिअरिंग, ब्रेक, बेल्ट इथे कोरा बोल्ट घालू नये.

सातपूर_फिटर

आणि चाकाचे नट. जीपच्या वंशातल्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आढळतात. स्टडच्या (नट चढतो त्या आटेदार खुंटीच्या) टोकावर किंवा नटावर इंग्रजी एल अक्षर दिसतं. लोक नेहमीच्या दिशेने पाइप लावून सोडवायला जातात, प्रत्यक्षात आवळत असतात, आणि स्टड मोडतो. तुमच्या गाडीत असेल-नसेल, स्पॅनर लावण्याआधी बघून घ्या. मधल्या काळात कोणी एखादाच स्टड बदललेला असेल तर एकाच चाकात दोन्ही प्रकार निघू शकतात.

गोदाकाठ

मिळण्याच्या ठिकाणांबद्दल विचारलं होतं. इंची बोल्ट भद्रकाली, रविवार कारंजा भागातल्या जुन्या हार्डवेअर दुकानांत विचारा, मागच्या खणात असतात. तोंडी माप सांगू नका, नमुना द्या आणि तिथेच नट फिरवून बघा. बेल्टचा बोल्ट आणि चाकाचे स्टड नाशिकच्याच द्वारका चौकाच्या बाजूला स्पेअरच्या दुकानांत. बिजागरीचा चपटा ५/१६ यूएनसी तयार मिळाला तर उत्तम, नाहीतर लेथवाल्यांनी सांगितलं तसं.

पिंपळगावकर

काम झालं, म्हणून लिहितो.

बिजागरीच्या वाटीला शाई लावून बघितली. मिळालेल्या स्क्रूवर शाई फक्त वरच्या काठाला लागली होती. म्हणजे स्क्रू ९० चा, वाटी ८२ ची. अंबडच्या एका लेथवर जुना स्क्रू दाखवून नव्यांचा उतार ८२ ला करून घेतला. आता डोकं पत्र्याशी समपातळीत बसतं. एकेक करून बदलले, आतली पट्टी पडली नाही. आट्यांना मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावलं. मार्करच्या रेघेपासून दार थोडं वर घेतलं, आता ते उचलून लावावं लागत नाही. एका बोटाने ढकललं की लागतं.

एका स्क्रूची खाच आधीच गोल झालेली होती, इम्पॅक्टने तो काही सुटला नाही. त्याच्या डोक्यावर नट ठेवून मधून वेल्डिंग केलं, गरम असतानाच पाना लावला, निघाला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढली होती, दाराचं रबर ओल्या फडक्याने झाकलं होतं.

बेल्टचे बोल्ट चारही नवे, खांद्याचे, ७/१६ चे. आधी हाताने पूर्ण फिरवून बसवले आणि मग आवळले. भोकांतले आटे चांगले होते, फक्त ब्रशने साफ केले. पट्ट्या मोकळ्या फिरतात.

चाकं तपासली. पुढचं डावं चाक सगळं उलट्या आट्यांचं, मागच्या डाव्या चाकात एक स्टड सरळ आट्याचा निघाला. तिथे पिवळा रंग लावून खूण केली आहे.

हौद्याचं सुरू आहे. फळ्या बाभळीच्या घ्याव्यात की सागाच्या, यावर घरात चर्चा चालू आहे.

चांदोरी_बागायत

बाभूळ घ्या. क्रेट ओढून ओढून साग लवकर झिजतो. फक्त बाभूळ नीट वाळलेली बघा, ओली घेतली तर पुढच्या उन्हाळ्यात आकसते आणि कॅरेज बोल्ट परत ढिले होतात. बसवल्यावर एका हंगामाने सगळे नट एकदा आवळून घ्या.

लेथवाला_अंबड

आणि भोकं पाडताना आधी बोल्टच्या दांड्याच्या मापाचं गोल भोक पाडा, मग वरून चौकोन छिन्नीने काढा. बाभूळ कठीण असते, मान नुसती ठोकून बसवायला गेलात तर फळी उभी फाटेल.

पिंपळगावकर

बाभूळच घेतो मग. सिन्नरच्या बाजूला एका वखारीत वाळलेली आहे असं कळलंय, या रविवारी बघून येतो.